उणे आठ

मी एक जुना तापमापक आहे. मित्रांनो, ताप आला की तुमच्या काखेत खुपसतात तो नव्हे. माझी तबकडी ताटाएवढी आहे, पाठीमागे हातभर लांब पोलादी दांडा आहे आणि शून्यापासून दीडशेपर्यंतचे आकडे मला पाठ आहेत. सध्या मी कारखान्याच्या प्रशिक्षणवर्गात भिंतीवर टांगलेला असतो. माझ्या खाली एक पितळी पट्टी आहे आणि तिच्यावर कोरलंय, 'काटा अचूक होता.' हे वाक्य अक्षरशः खरं आहे. इतकं नीच वाक्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

इतर वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा आधी कौतुक, मग हाल आणि शेवटी रडगाणं असा क्रम असतो. माझ्याकडून रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका. मी एकोणीस वर्षं खोटं बोललो आणि एक दिवस खरं बोललो. मी खोटं बोलत होतो तोवर सगळे सुखरूप घरी जात होते.

माझ्या पोटात दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या आहेत, पाठीला पाठ लावून कायमच्या जोडलेल्या. ऊब लागली की एक भराभर वाढते आणि दुसरी जागची हलत नाही. एका घरात दिलेल्या दोन जावांसारखं त्यांचं चालतं. मग पीळ पडतो, त्या पिळाने दांडी फिरते आणि दांडीच्या टोकाला बसवलेला माझा काटा सरकतो. एवढीच माझी विद्या. ज्या कारागीर बाईने मला जोडलं, तिने मला उकळत्या पाण्यात बुडवून पाहिलं, काटा बरोबर शंभरावर थांबला आणि ती म्हणाली, "गुणाचा आहेस." आयुष्यात माझं तेवढंच निखळ कौतुक झालं.

तिथून मी राळेच्या कारखान्यात आलो. तुमच्या घरातल्या कुकरची काळी मूठ, तव्याचा दांडा, जुन्या विजेच्या बटणांची काळी टोपी, हे सगळं ज्याचं बनतं त्या बेकेलाइटची राळ आमच्याकडे शिजायची. हो, आम्ही शिजवणंच म्हणायचो. दोन मजली उंचीचं एक पोलादी भांडं होतं, त्याला सगळे केटल म्हणत. केटलीत आधी फिनॉल जायचं. दवाखान्याची फरशी पुसल्यावर जो वास येतो, त्या वासाचा हा थोरला भाऊ. त्यावर फॉर्मालिन, ज्याच्यापुढे कांदा म्हणजे बिचारा गरीब प्राणी. मग बेताने थोडं आम्ल. वरून ढवळणी फिरायची आणि भांड्याच्या दुहेरी भिंतीत वाफ सोडली जायची.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. हे दोन पदार्थ म्हणजे असंख्य सुटे कण, रेणू म्हणतात त्यांना. गार असले की ते एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. ऊब दिली की हात धरायला लागतात. एकाने दुसऱ्याचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि साखळी तयार होते. गंमत अशी की हात धरताना ते स्वतःची ऊब बाहेर टाकतात. म्हणजे सुरुवातीला ढकलावं लागतं, पण एकदा का त्यांनी मनावर घेतलं की त्यांना वाफेची गरज उरत नाही. तेव्हा वाफ बंद करायची आणि थोड्या वेळाने त्याच भिंतीत गार पाणी सोडायचं. वाफ आधी बंद केली तर राळ कच्ची राहते. उशिरा केली तर ऊब उबेला वाढवत जाते आणि मग केटल कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

म्हणून भिंतीवर एक पत्रा ठोकलेला होता. पासष्टला वाफ बंद. ऐंशीला पाणी चालू. आणि हे पासष्ट आणि ऐंशी सांगायचं काम माझ्याकडे होतं.

पहिली दोन वर्षं मी ते चोख केलं. तिसऱ्या वर्षी माझ्या तोंडावर एक बूट पडला.

केटलीतून उठणारी वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरचा व्हॉल्व्ह जरा उंचावर होता आणि शिडी चाळीस पावलांवर. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या गड्याने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या तबकडीवर पाय देऊन तो वर चढला. अंगाने आडवा, कामाला आळशी, बोलायला गोड. त्याचा भार माझ्या मानेवर आला, आत काहीतरी कटकन सरकलं आणि काटा आठ घरं पुढे उडाला. तो खाली उतरला, त्याने माझ्याकडे पाहिलं, बाहीने माझ्या काचेवरचा बुटाचा ठसा पुसला आणि गप्प बसला. हा गडी केटलीवरच्या मुख्य चालकाचा मेहुणा होता. बहिणीच्या नवऱ्यानेच त्याला चिकटवला होता.

चालक मात्र वेगळ्याच मातीचा माणूस. केटलीच्या अंगावर पालथा हात ठेवून आत काय चाललंय ते तो सांगायचा. महिन्याच्या शेवटी केटल धुवायला आम्ही साधं पाणी उकळायचो. त्या दिवशी पाणी खळखळा उकळत होतं आणि मी एकशे आठ दाखवत होतो. चालकाने डोकं खाजवलं.

"मेहुणेबुवा, इकडे या जरा. आपलं पाणी एकशे आठला उकळतंय. शिकलेलं दिसतंय."

"तापलं असेल जास्त," मेहुणा म्हणाला.

"अहो, उकळतं पाणी आणखी किती तापणार? शंभराच्या पुढे त्याची वाफ होते. काटा चळलाय हा."

मेहुण्याने कपाळाचा घाम पुसला. चालकाला वाटलं, उकाड्याचा आहे.

चालक साहेबांकडे गेला. साहेब तेव्हा नवे होते आणि प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे 'पुढच्या वेळी' हे उत्तर तयार असायचं. ते वर माझ्यापर्यंत आले. काटा काढायचा म्हणजे केटल रिकामी करा, गार करा, दांड्याभोवती दगडासारखी बसलेली राळ छिन्नीने फोडा. दोन दिवसांचं उत्पादन बंद. साहेबांनी मान हलवली.

"पुढच्या मोठ्या दुरुस्तीला बघू."

"आणि तोवर, साहेब?"

"तोवर आठ वजा करा. वजाबाकी येते ना?"

चालकाला वजाबाकी येत होती. त्याने ती सगळ्या पाळ्यांना शिकवली. मी त्र्याहत्तर दाखवलं की पासष्ट समजायचं आणि वाफ बंद. मी अठ्ठ्याऐंशी दाखवलं की ऐंशी, पाणी सोडा. नवा माणूस आला की चालक त्याला माझ्यासमोर उभा करून घोकून घ्यायचा, "काट्यातून काय?" "उणे आठ." "जोरात!" "उणे आठ!" शेवटी त्याचंच नाव उणेआठ पडलं. "उणेआठ आला का?" "उणेआठला विचार." त्याला त्याचा अभिमान होता. पाळीला येताना माझ्या काचेवर टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "काय लबाडा, आज किती फेकणार?"

मित्रांनो, लबाड म्हटल्याचं वाईट वाटतं का? मला सवय झाली. मोठी दुरुस्ती एकदा आली, दोनदा आली, चारदा आली. दरवेळी काहीतरी जास्त महत्त्वाचं निघायचं. आणि हे आठ कुठेही लिहिलेले नव्हते, हे लक्षात ठेवा. उणेआठ नोंदवहीत वजा केलेला आकडाच लिहायचा. मी दाखवायचो त्र्याहत्तर, वहीत पडायचं पासष्ट. साहेब रोज ती वही बघून सही करायचे. वही नेहमी सोवळी.

अशी एकोणीस वर्षं गेली. मग बाहेरून तपासणीचं पथक येणार असल्याची वर्दी आली. प्रत्येक मापकावर तपासल्याची तारीख आणि सही असलेलं लेबल हवं होतं. ज्या कारखान्याला एकोणीस वर्षांत दोन दिवस सापडले नाहीत, त्याला एका लेबलासाठी सापडले. शनिवारी केटल रिकामी केली, रविवारी सुट्टीच्या दिवशी दांड्याभोवतीची राळ फोडली आणि मला खाली उपकरणांच्या खोलीत नेलं.

तिथे टेबलाशी एक मुलगी बसली होती. तीन आठवड्यांपूर्वी कामाला लागलेली, पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले, हाताच्या नखांना ग्रीस. ती उणेआठची लेक होती. घरी त्याला बाबा म्हणत आणि बाहेरचं नाव तो घरी नेत नसे, त्यामुळे उणेआठ हा शब्द तिने कधी ऐकलेला नव्हता. मात्र मी तिच्या बापाच्या केटलीवरचा आहे हे तिला माहीत होतं. माझी काच तिने तीनदा पुसली. मग तिने मला गरम तेलात बुडवलं, शेजारी प्रमाणित तापमापक धरला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"आठ जास्त!" ती स्वतःशीच म्हणाली. "बाबांना इतकी वर्षं हा असा काटा दिलाय?"

तिने माझी पाठ उघडली, मान सरळ केली, पीळ सोडवला, काटा जागेवर आणला. तिच्या हातात त्या कारागीर बाईचा हलकेपणा होता. पुन्हा तेलात घातल्यावर मी अगदी बरोबर आकडा दाखवला आणि तिला जो आनंद झाला तो बघून मलाही झाला. मी मूर्ख होतो. तिने वहीत व्यवस्थित लिहिलं, 'सापडला तेव्हा आठ जास्त. दुरुस्त केला. आता बरोबर.'

साहेब सही करायला आले, ओळ वाचली आणि त्यांनी पेन परत खिशात ठेवलं.

"हे काय लिहिलंस?"

"जे सापडलं ते, सर."

"नवीन आहेस म्हणून सांगतो. 'आठ जास्त' वाचलं की ते लोक विचारणार, कधीपासून? मग तेव्हापासूनची सगळी राळ संशयात. तुझ्या बाबांची नोंदवहीही संशयात. चालेल तुला?"

तिने मान हलवली. नाही म्हणून.

"मग हे पान काढ. नवीन पानावर लिही, तपासला, बरोबर. खोटं आहे का त्यात काही? आत्ता बरोबरच आहे ना? आणि या आठाबद्दल कुठे बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही. पाळीवर काय सांगायचं ते मी सांगेन."

तिने पान फाडलं. चार तुकडे केले. मी टेबलावरून बघत होतो.

पाळीला सांगायचं साहेबांच्या मनात नव्हतं असं मी म्हणणार नाही. मनात असेलही. पण सोमवारी सकाळी ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एका समारंभाला गेले होते. विनाअपघात कामाबद्दल आमच्या कारखान्याला ढाल मिळणार होती.

सोमवारची सकाळची पाळी. मी पुन्हा केटलीवर, काच लखलखीत, पोटावर नवं लेबल. उणेआठ जिना चढून आला आणि मला बघून थबकला.

"अरे वा! पोरगी सकाळी म्हणाली, 'बाबा, आज काट्याकडे बघा हं,' आणि नुसती हसत बसली. मला वाटलं काय भानगड आहे. आंघोळ घातली होय तुला?" त्याने खिशातून रुमाल काढून तरीही माझी काच पुसली. "मेहुणेबुवा, भाचीचं काम बघा. सही बघा सही."

"झकास," मेहुणा म्हणाला आणि वाफेच्या व्हॉल्व्हपाशी जाऊन बसला.

उणेआठने टिचकी मारली. "चल लबाडा."

फिनॉल गेलं, फॉर्मालिन गेलं, आम्ल गेलं. ढवळणी सुरू झाली. वाफ सुटली. मी चाळीस दाखवलं, चाळीसच होते. पन्नास दाखवलं, पन्नासच होते. पासष्टला मी आलो आणि जितकं थांबता येईल तितकं थांबलो. मला तोंड असतं तर बोंब मारली असती. उणेआठने माझ्याकडे बघितलं, मनात आठ वजा केले आणि म्हणाला, "सत्तावन्न. अजून वेळ आहे." त्र्याहत्तर होईपर्यंत तो लेकीबद्दल बोलत होता. तिला पहिल्या पगारातून त्याच्यासाठी चष्मा घ्यायचा होता आणि तो नको नको म्हणत होता.

"पासष्ट. बंद करा."

मेहुण्याने वाफ बंद केली. उणेआठने वहीत पासष्ट लिहिलं. तोवर आत रेणूंनी एकमेकांचे हात धरले होते आणि ते कुणाची वाट बघत नव्हते. ऐंशी एका दमात गेलं. सत्त्याऐंशीला त्याने सवयीने केटलीवर पालथा हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला.

"मेहुणे, पाणी! पूर्ण सोडा!"

त्याच्या हाताला खरं कळलं होतं. पण उशीर झाला होता. भिंतीतलं पाणी आतल्या उबेपुढे काहीच नव्हतं. कंडेन्सर गुरगुरला, फेस वर चढला, केटलीच्या माथ्यावरच्या झाकणाची, मॅनहोलची, कडा शिट्टी वाजवायला लागली. उणेआठने मेहुण्याची कॉलर धरली आणि त्याला जिन्यावरून अक्षरशः खाली ढकलून दिलं. मेहुण्याचा हात मोडला, जीव वाचला. तेवढ्यात मॅनहोलच्या झाकणाखालचं रबरी गॅस्केट फुटलं आणि आतला फेस उणेआठच्या अंगावर आला.

फिनॉल कसं मारतं ते मुलांना सांगू नये म्हणतात. मी सांगतो. ते आधी भाजतं आणि लगेच बधिर करतं. कातडी पांढरी होते आणि माणसाला वाटतं, बरं आहे की. उणेआठला पाण्याच्या फवाऱ्याखाली बसवलं होतं, माझ्यापासून दहा पावलांवर. तो शुद्धीवर होता, चेहरा शांत होता.

"दुखत नाहीये रे," तो म्हणाला. "काटा किती झाला?"

मोडका हात पोटाशी धरून मेहुणा खालून वर आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. "एकशे एक, भाऊजी."

उणेआठ विचार करायला लागला. पाणी त्याच्या डोक्यावरून वाहत होतं. "म्हणजे त्र्याण्णव," तो म्हणाला. "त्र्याण्णवला उकळत नाही रे ते. त्र्याण्णवला उकळलं कसं?"

दुपारी तो गेला. तोवर हाच प्रश्न तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, असं मागून लोक बोलताना मी ऐकलं.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. मला कापडात गुंडाळून वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेलं, कारण आता मी पुरावा होतो. दाराशी झाडलोट करणाऱ्या मावशी लेकीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "उणेआठ गेला गं पोरी. सोन्यासारखा माणूस."

"कोण उणेआठ?" लेकीने विचारलं.

"अगं, तुझा बाप. सगळे त्याला तेच म्हणायचे."

तिच्या हातांना सगळ्यात आधी कळलं. तिने ते ओढणीत लपवले.

आत एका टेबलावर तेलाचं भांडं तापवलं होतं. चौकशी अधिकाऱ्यांसमोर मला त्यात बुडवलं. मित्रांनो, त्या दिवशी मी जिवाच्या आकांताने खोटं बोलायचा प्रयत्न केला. एकोणीस वर्षं जे झोपेत जमत होतं ते तेव्हा जमेना. तिने मला फारच चांगलं दुरुस्त केलं होतं. पन्नासला पन्नास, पासष्टला पासष्ट, त्र्याहत्तरला त्र्याहत्तर. "काटा अचूक आहे," अधिकारी म्हणाले आणि लेखनिकाने ते लिहून घेतलं.

मग मेहुण्याला बोलावलं. हात गळ्यात बांधलेला होता.

"वाफ बंद केली तेव्हा काटा किती होता?"

"त्र्याहत्तर, साहेब."

"वहीत पासष्ट लिहिलंय."

मेहुण्याने आमच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब नखं बघत होते. "भाऊजींना हल्ली नीट दिसत नव्हतं," तो म्हणाला. "चष्मा घ्या म्हणून घरची मागे लागली होती."

शब्द न् शब्द खरा होता. खोटं बोलायला इतक्या सफाईची गरज नसते.

तेव्हा लेक उठली. "साहेब, काटा आठ जास्त दाखवायचा. रविवारी मीच दुरुस्त केला. माझे बाबा आठ वजा करत होते. सगळेच करत होते."

खोलीत चार चालक होते, तिन्ही पाळ्यांचे. उणेआठनेच सगळ्यांना घोकायला लावलं होतं. चौघांनी कानांवर हात ठेवले. आम्ही? कधीच नाही. भिंतीवर पत्रा आहे, त्याप्रमाणे काम करतो.

"तपासणीची नोंद तुमच्या हातची ना?" अधिकाऱ्यांनी लेकीला विचारलं.

"हो."

"वाचा बरं."

तिने वाचलं. "तपासला. बरोबर."

"आठ जास्त असं कुठे लिहिलंय?"

तिने साहेबांकडे बघितलं नाही. तिला स्वतःचीच बोटं दिसत होती, चार तुकडे करणारी. "मी फाडलं," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं फाडायला."

"कुणी सांगितलं?"

"साहेबांनी."

साहेबांनी नखांवरून नजर उचलली. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, अगदी बेतशीर. "मुलीचा बाप गेलाय. मी तिचं बोलणं मनावर घेत नाही."

मग ती मेहुण्याकडे वळली. "मामा, बाबांना उणेआठ का म्हणायचे? तू सांग. तुला त्यांनी जिन्यावरून ढकललं नसतं तर तू आज इथे नसतास. का म्हणायचे?"

मेहुणा माझ्याकडे बघत होता. माझ्या काचेवर, जिथे त्याचा बूट पडला होता तिथे.

"पाळीला नेहमी आठ मिनिटं आधी यायचे," तो म्हणाला. "म्हणून उणेआठ."

अधिकाऱ्यांनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. मयत वक्तशीर होता."

निकाल लागला. चालकाची नजरचूक. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाला आधी फाशी झाली होती, नंतर फक्त कागद केला. ढाल साहेबांच्या खोलीत लागली, कारण ती मिळाली तेव्हा अपघात व्हायला अजून पाऊण तास होता. मेहुण्याचा हात नीट जुळला नाही, म्हणून त्याला प्रशिक्षक केलं. आणि मला पितळी पट्टीसह भिंतीवर टांगलं, नव्या माणसांनी माझ्याकडे बघून शिकावं म्हणून. मेहुणा दर तुकडीला छडी माझ्या तबकडीवर टेकवून सांगतो, "काटा अचूक होता. माणूस चुकला."

लेक नोकरी सोडून गेली नाही. घरात आई होती आणि आता कमावणारी तीच. ती मामाशी बोलत नाही, जिन्यात समोर आला तर भिंतीकडे बघत उभी राहते. दर सहा महिन्यांनी तिला माझ्याकडे यावं लागतं, कारण कारखान्यात भिंतीवरच्या शोभेच्या मापकालाही लेबल लागतं.

गेल्या वेळी ती आली तेव्हा वर्ग रिकामा होता. तिने मला उतरवलं, पाठ उघडली, आणि मला वाटलं नेहमीसारखी तपासेल. तिने माझ्या मानेचा स्क्रू सावकाश फिरवला. काटा पुढे सरकला. आठ घरं. मग तिने पाठ बंद केली, लेबलावर लिहिलं, 'तपासला. बरोबर,' खाली सही केली आणि माझ्या काचेवर हलकेच टिचकी मारली. ती टिचकी तिला कुणी शिकवली होती कोण जाणे.

आता तुम्ही म्हणाल, शिकवण सांग. घ्या. मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कामावर काही बिघडलेलं असेल आणि तुम्ही त्याची सवय करून घेतली असेल, तर ती सवय कुठेतरी लिहून ठेवा. आणि दुरुस्त केलंत तर छपरावर चढून ओरडा. माझी काच पुसा म्हणून मी विनवणी करत नाही. काच पुसणारे मी खूप पाहिले. मला वापरणाऱ्या माणसाला जपा, एवढीच विनवणी आहे, आणि ती कुणी ऐकेल असं मला वाटत नाही.

एक राहिलं. काल नवी तुकडी बसली होती. मेहुणा फळ्याकडे तोंड करून पासष्ट आणि ऐंशी लिहीत होता. मागच्या बाजूला लेक घड्याळाखालचा छोटा तापमापक तपासत होती. पहिल्या बाकावरच्या एका चष्मेवाल्या बाईने मागे वळून पाहिलं आणि हात वर केला.

"सर, तो छोटा सव्वीस दाखवतोय. हा मोठा चौतीस. खरं कुठलं?"

मेहुण्याने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. एकोणीस वर्षांचं वळण होतं ते.

"मोठ्यातून आठ वजा करायचे," तो म्हणाला आणि लिहीत राहिला.

बावीस जणांनी माना खाली घातल्या आणि वहीत लिहिलं, मोठा काटा, उणे आठ. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच कागदावर उतरलं होतं, बावीस वह्यांत, तारखेसकट. मग मेहुण्याच्या हातातला खडू थांबला. चष्मेवाली बाई पितळी पट्टी वाचत होती.

"सर, मग खाली 'अचूक होता' असं का लिहिलंय?"

मेहुणा वळला. लेक हातातलं काम ठेवून मधल्या वाटेने पुढे आली होती आणि कित्येक महिन्यांनी त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"सांग ना, मामा," ती म्हणाली. "सगळे लिहून घेतायत."